सिमेंटचे गाव आणि गावकुसाबाहेरचा माणूस

गावाचा इतिहास कोणी सांगायचा, हा प्रश्न आता केवळ ग्रंथांपुरता उरलेला नाही. ग्रंथ वाचणारे थोडे असतात. संग्रहालय पाहणारे पुष्कळ. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गांव-गाडा’ आज किती विद्यार्थी वाचतात? परंतु शाळेच्या सहलीत बसून एखादे संग्रहालय पाहून आलेला विद्यार्थी मात्र प्रत्येक तालुक्यात भेटतो. ग्रंथाशी वाचक वाद घालू शकतो. पुतळ्याशी वाद घालता येत नाही. डोळ्यांनी पाहिले म्हणजे ते खरोखरच तसे होते, अशी समजूत करून घेऊन मूल घरी येते. म्हणूनच कथा-कादंबरीची समीक्षा आपण ज्या कसोट्यांवर करतो, त्याच कसोट्या संग्रहालयालाही लावल्या पाहिजेत. हे संग्रहालय कोणाच्या डोळ्यांनी पाहते? त्यात माणूस कोण आणि नेपथ्य कोण? जे दाखवले आहे त्याने काय झाकले गेले आहे?

मी मोडनिंबचा. माढा तालुक्यातले हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, तसेच कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे मिरजेला जाणाऱ्या लोहमार्गावरही आहे. एके काळी या मार्गावर बार्शी लाईट रेल्वेची अरुंद मापाची गाडी धावत असे. आता मार्ग रुंद झाला आहे. कुर्डुवाडीहून एक फाटा बार्शी, तेर करीत लातूरला जातो. मिरजेहून पुढे कोल्हापूर. या एकाच मार्गाच्या दोन बाजूंना मी दोन संग्रहालये पाहिली. एक कोल्हापूरजवळचे कणेरीचे, दुसरे धाराशिव जिल्ह्यातील तेरचे. दोन्ही आपापल्या परीने एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : या मुलखात माणूस वस्ती करून कसा राहू लागला आणि कसा जगला? या लेखाचा मुख्य विषय कणेरीचे संग्रहालय आहे. तेरकडे मी नंतर वळणार आहे, कारण कणेरीत जे विधान केले आहे ते तपासायला तेरची खापरे उपयोगी पडतात.

१

कणेरीचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय काडसिद्धेश्वर मठाच्या परिसरात उघड्या आभाळाखाली उभे आहे. ऐंशीहून अधिक देखावे आणि तीनशेहून अधिक सिमेंटचे पुतळे. नांगरणी, मोट, सुताराचे काम, लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, न्हाव्यापुढे बसलेले गिऱ्हाईक, दारोदार फिरणारे लोककलावंत, असे सारे गाव तेथे थांबून राहिले आहे. कारागिरांचे कौशल्य मान्य केलेच पाहिजे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हातावर तटतटलेल्या शिरा, बैलाच्या मानेची वळी या गोष्टी मन लावून घडवल्या आहेत. आजच्या मुलांनी मोट पाहिलेली नसते. ती कशी चाले, हे त्यांना तेथे समजते. एवढा लाभ नाकारण्याचे कारण नाही.

परंतु हे संग्रहालय केवळ अवजारे दाखवून थांबत नाही. ते एक विधान करते. मुघलांच्या आक्रमणापूर्वीचे गाव स्वयंपूर्ण होते. बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार गावाच्या सर्व गरजा भागवीत. प्रत्येक जण आपले कर्तव्य आनंदाने करी. जातीधर्मापलीकडचा जिव्हाळा गावात नांदत होता. महात्मा गांधींच्या स्वप्नातले गाव ते हेच, असे हे विधान आहे. माझा वाद या विधानाशी आहे.

आमच्या भागातील एका शाळेच्या सहलीबरोबर मी तेथे गेलो होतो. मुले पुतळ्यांपुढे उभी राहून एकमेकांची घरे ओळखीत होती. सुताराच्या मुलाला सुतार सापडला, कुंभाराच्या मुलीला कुंभार सापडला. वस्तीतल्या एका मुलाने मला विचारले, “सर, यात आपलं घर कुठं असंल?” प्रश्न निरागस होता. पण संग्रहालयाच्या समीक्षेला याहून चांगला प्रारंभ सापडणार नाही.

माझा आक्षेप अमुक जातीचा पुतळा आहे की नाही, एवढाच आहे असे कोणी समजू नये. तीनशे पुतळ्यांत आणखी एक-दोन पुतळ्यांची भर घालून तो मिटणार नाही. येसकराचा पुतळा उभा केला, त्याच्या खांद्यावर घोंगडी दिली, चेहऱ्यावर तेच समाधान कोरले, तर असत्य कमी होणार नाही. उलट पुरे होईल.

२

बलुते म्हणजे काय, येथून सुरुवात केली पाहिजे. संग्रहालयात बलुते म्हणजे व्यवसाय, असे दिसते. सुतार लाकूड तासतो, लोहार फाळ शेवटतो, चांभार जोडा शिवतो. प्रत्यक्षात बलुते हा व्यवसाय नव्हे. तो संबंध आहे. कोणाचे काम कोणी करायचे, त्याचा मोबदला कोण ठरवणार, तो केव्हा आणि कोठे उभे राहून घ्यायचा, आणि काम नाकारले तर काय होणार, या सर्वांची मिळून बलुते ही व्यवस्था होते. खळ्यावर सुगीचे धान्य पडे, तेव्हा बलुतेदार ओळीने येत. पहिल्या ओळीचा वाटा मोठा, दुसरीचा त्याहून कमी, तिसरीचा त्याहून कमी. अनेक याद्यांत महार पहिल्या ओळीत आहे, कारण शेतीला आणि गावाला त्याची गरज सर्वांत जास्त होती. ज्याच्यावाचून गाव एक दिवस चालत नाही तो धान्याच्या हिशेबात पहिल्या ओळीत आणि स्पर्शाच्या हिशेबात शेवटच्याही ओळीच्या बाहेर! ही विसंगती हाच गावगाड्याचा आस आहे. संग्रहालयात चाके आहेत, आस नाही.

भाषेनेही या व्यवस्थेला हातभार लावला. महारांच्या वाट्याला आलेल्या गोष्टींना ‘बावन्न हक्क’ म्हटले गेले. मेलेल्या जनावराचे कातडे हा हक्क. प्रेतावरचे वस्त्र हा हक्क. ज्याला दुसरा कोणी हात लावणार नाही ते ज्याच्या पदरात टाकायचे, त्यालाच तो त्याचा अधिकार आहे असे पटवून द्यायचे, इतके चातुर्य या व्यवस्थेत होते. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा या शब्दाची आतली बाजू मराठी वाचकाला प्रथमच एवढ्या उघडपणे दिसली. कणेरीत तोच शब्द पुन्हा धुऊन-पुसून मांडला आहे.

सहलीहून आल्यावर मी मोडनिंबच्या वस्तीतील एका वृद्ध गृहस्थांना या संग्रहालयाविषयी सांगितले. त्यांचे वडील येसकरकी करीत. सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, “गुरुजी, येसकराच्या हातात घुंगराची काठी असती. ती दाखवता यील. पर संध्याकाळच्याला बाप भाकरी मागाय जायाचा, दाराम्होरं न्हाई, अंगणाच्या भाईर उभा ऱ्हायाचा, आन् ‘जोहार मायबाप’ म्हणायचा. त्यो आवाज कसा दाखवणार?” मी म्हणालो, “आजोबा, आवाज दाखवता येत नाही, खरे आहे.” त्यावर ते म्हणाले, “मग भाकरी कुणी वाढली आन् किती वरून टाकली, ते तरी दाखवा म्हणावं.”

साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर संग्रहालयाने वस्तू निवडली आणि क्रिया वगळली. घोंगडी आहे, अंतर नाही. काठी आहे, जोहार नाही. आणि अस्पृश्यता ही तर अंतराचीच संस्था होती. कोणी कोठवर यायचे, किती हातांवर थांबायचे, सावली कोठे पडू द्यायची, पाणी कोणी वरून ओतायचे, हे अंतर ज्या देखाव्यात मोजता येत नाही तो देखावा गावाचा नव्हे. गाव ज्यांना आपले वाटत होते त्यांच्या आठवणींचा तो देखावा आहे.

या संबंधाला कायद्याचेही रूप होते. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने महारकी ही वंशपरंपरेची चाकरी म्हणून पक्की केली. चाकरी सरकारची, मोबदला मात्र मुख्यतः गावाकडून मिळणाऱ्या बलुत्याचा आणि तुटपुंज्या इनाम जमिनीचा. त्यामुळे महार सरकारचा नोकर असूनही पोटासाठी गावाच्या मर्जीवर राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते हे ओळखूनच. ते विधेयक संमत होऊ शकले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली आला. म्हणजे ज्या व्यवस्थेला कणेरीत मुघलपूर्व काळाच्या धुक्यात नेऊन बसवले आहे, ती आमच्या वस्तीतल्या हयात माणसांनी पाहिलेली आहे. ती पुराणवस्तू नव्हे. ती साक्ष आहे.

३

आता ‘मुघलांच्या पूर्वी’ या कालनिश्चितीचा विचार करू. ही कालनिश्चिती निर्हेतुक नाही. गावात जे वाईट आले ते बाहेरून आले आणि त्यापूर्वी सारे मंगल होते, असा तिचा अर्थ होतो. हा दावा तपासण्यासाठी मला लांब जावे लागत नाही. मोडनिंबहून पंढरपूर जवळ आहे आणि त्याच्या पलीकडे मंगळवेढे.

परंपरेप्रमाणे शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू होते. त्या कामासाठी महारांना धरून आणले होते. त्यांत चोखामेळा होते. कूस कोसळले आणि त्याखाली मजूर गाडले गेले. नामदेवांनी चोखोबांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे वारकरी परंपरा सांगते. हे वर्ष लक्षात घ्यावे. बहामनी राज्याची स्थापना १३४७ ची. मुघल तर त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने दक्षिणेत आले. म्हणजे जो काळ संग्रहालयाने सुवर्णकाळ म्हणून निवडला आहे, त्याच काळात आमच्या जिल्ह्यातील एका कवीचा गावाच्या भिंतीखाली चेंगरून मृत्यू झाला. ही भिंत त्याला बाहेर ठेवण्यासाठी होती आणि ती बांधण्यासाठी त्यालाच बोलावले होते.

गावकूस म्हणजे काय, हे समजायला याहून स्वच्छ उदाहरण नाही. कूस बांधणारा कुसाबाहेर राहतो. वेस राखणारा वेशीबाहेर झोपतो. शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष शेवटची मानली जाई, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसे. गावाची सीमा ज्याच्या पायांना पाठ आहे त्याला गावात जागा नाही. चोखोबांच्या समाधीपर्यंत भक्ती पोचली. समाधीपलीकडच्या मंदिरात त्यांच्या जातभाईंना प्रवेश मिळायला १९४७ चा मे महिना उजाडावा लागला. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर खुले झाले. १३३८ पासून १९४७ पर्यंत ६०९ वर्षे होतात. या ६०९ वर्षांचा एकही देखावा ‘जातीधर्मापलीकडच्या जिव्हाळ्या’त बसणार नाही.

ग्रामजीवनाचे संग्रहालय कोणी उभारणार असेल, तर त्यातली पहिली वस्तू गावकूस असली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. नांगर नव्हे, चाक नव्हे, भिंत. ती दाखवली म्हणजे आतले-बाहेरचे आपोआप दिसू लागते. मग कुंभार भिंतीच्या कोणत्या बाजूस आहे, पाणवठा कोणत्या बाजूस आहे, आणि भिंतीच्या सावलीत कोण बसले आहे, हे प्रश्न मुलांना पडतील.

४

‘स्वयंपूर्ण’ या शब्दाचाही असाच विचार व्हावयास हवा. गाव स्वयंपूर्ण होते, त्याला बाहेरून काही आणावे लागत नव्हते, हे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. पण ज्याला सारे काही गावातच मिळते, त्याचे सारे काही गाव बंदही करू शकते. दळण, किराणा, सरपण, शेतमजुरी, जाण्यायेण्याची वाट, सर्व गावाच्या हातात. स्वयंपूर्णतेची उलटी बाजू म्हणजे बहिष्कार.

मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. या समितीच्या १९३० च्या अहवालात या शस्त्राची नोंद आहे. सार्वजनिक वाटेने गेले, बरे कपडे घातले, लग्नाची मिरवणूक रस्त्यावरून नेली, एवढ्या कारणावरून गाव अस्पृश्यांचे कामकाज, सामान आणि वाट बंद करी. हे जुने झाले असे कोणी म्हणेल. १९७२ साली आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यातील बावडा येथे दलित वस्तीवर सामाजिक बहिष्कार टाकला गेला. ज्या घटनांच्या संतापातून त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली, त्यांत बावड्याचे नाव आहे. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा ज्या वस्त्या जळाल्या त्या गावांतल्याच होत्या. गावाच्या जिव्हाळ्याचे हे दुसरे दर्शन. संग्रहालयाला ते दाखवायचे नसेल तर त्याने निदान पहिल्याला संपूर्ण म्हणू नये.

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी मसुदा मांडताना गावाविषयी जे सांगितले ते सर्वश्रुत आहे. खेडी ही लहान लहान प्रजासत्ताके होती, हा इंग्रज अधिकारी मेटकाफचा गौरव त्यांनी उद्‌धृत केला आणि तो नाकारला. खेडे म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान यांचे आगर आहे, असे ते म्हणाले. मसुद्याने गावाला न मानता व्यक्तीला घटक मानले याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. सभेतील अनेक सभासदांना हे रुचले नाही आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचे कलम संविधानात घालण्यात आले. तो वाद तेथे संपला नाही. तो आज सिमेंटमध्ये चालू आहे. फरक एवढाच की संविधान सभेत दोन्ही बाजू बोलत होत्या. येथे एकच बाजू उभी आहे आणि दुसऱ्या बाजूची मुले तिकीट काढून ती पाहत आहेत.

५

मग गाव वसले कसे? आपण नेहमी ‘गाव वसले’ असे म्हणतो, जणू पाऊस पडावा तसे. कोणी वसवले, कोणाला वसू दिले नाही, हे त्या क्रियापदात येत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नेमका हाच प्रश्न विचारला. अस्पृश्य मूळचे गावात होते आणि नंतर हाकलले गेले, की ते आरंभापासूनच बाहेर होते? त्यांनी मांडलेला सिद्धान्त असा : काही टोळ्या शेती करून स्थिर झाल्या, काही भटक्या राहिल्या. लढायांत फुटलेल्या टोळ्यांची माणसे, ज्यांना त्यांनी ‘ब्रोकन मेन’ म्हटले, ती निराधार झाली. स्थिर झालेल्यांना पहारेकरी हवे होते, फुटलेल्यांना आसरा हवा होता. दोघांत करार झाला. पहारा सीमेवरच करायचा असतो आणि रक्ताने परके असलेल्यांना आत घ्यायचे नसते, म्हणून त्यांची वस्ती सीमेवर झाली. आयर्लंड आणि वेल्स येथील जुन्या समाजांतही असे परके लोक गावाच्या कडेला राहत, हे त्यांनी दाखवले. तेथे ते कालांतराने गावात मिसळून गेले. येथे मिसळले नाहीत, कारण येथे मध्येच अस्पृश्यता आली; आणि तिचे मूळ त्यांनी बौद्ध धर्माचा द्वेष आणि गोमांस यांत शोधले.

हा सिद्धान्त सर्व तपशिलांत मान्य करावा की नाही, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. बाबासाहेबांनीही तो सिद्धान्त म्हणूनच मांडला आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, गावाची रचना ही निसर्ग नसून करार आहे, तिला आरंभ आहे, म्हणून तिला शेवटही असू शकतो, हे त्यांनी दाखवले. तो ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. गावकुसाबाहेरची वस्ती कशी झाली हे सांगणारा ग्रंथ गावकुसाखाली मेलेल्या माणसाला अर्पण व्हावा, यात मला मोठे औचित्य दिसते.

येथे उत्खननांची साक्ष उपयोगी पडते. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीच्या काठचे एक गाव खणून काढले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे या मुलखातील आरंभीचे शेतकरी राहत होते. मध्यभागी मोठे घर व धान्याचे कोठार, आणि कुंभारासारख्या कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला, अशी रचना अभ्यासकांना आढळली. मध्य आणि कड हा भेद तेथे आहे. परंतु कडेवरच्या माणसाचा विटाळ होतो, याचा पुरावा तेथील मातीत नाही. तो थर नंतरचा आहे.

तेरचे संग्रहालय याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत, सापडणाऱ्या वस्तू जमवल्या. त्या संग्रहातून हे छोटे शासकीय संग्रहालय उभे राहिले. भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर म्हणून या नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. गावात विटांचे बौद्ध अवशेष सापडले आहेत. पुढे हेच तेर गोरोबा कुंभारांचे गाव झाले. म्हणजे स्वयंपूर्ण, न बदलणारे, स्वतःत मिटलेले गाव हे या मुलखाचे सनातन रूप नव्हेच. दोन हजार वर्षांपूर्वी येथला माणूस समुद्रापलीकडच्या माणसाशी व्यापार करीत होता आणि स्तूपापुढे वाकत होता.

तेरच्या वस्तूंवर आपण ‘सातवाहनकालीन’ अशी मोहोर लावतो. नाव राजाचे, हात कुंभाराचे. ही उणीव तेथेही आहे. परंतु तेरचे खापर खोटे बोलत नाही. ते तुटके आहे आणि तुटकेच दिसते. कणेरीचा पुतळा अखंड आहे, आणि त्याच्या अखंडपणातच त्याचे असत्य आहे.

६

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग नावाचे गोऱ्या वसाहतकऱ्यांचे जुने शहर आहे. १९२६ पासून रॉकफेलर यांच्या पैशातून ते अठराव्या शतकात होते तसे पुन्हा उभारले गेले. घरे, बागा, कारागिरांची दुकाने, सारे हुबेहूब. अठराव्या शतकात त्या शहरातील निम्मी माणसे काळी होती, बहुतेक गुलाम होती. परंतु कित्येक दशके ती त्या देखाव्यात नावापुरतीही नव्हती. १९७९ पासून कृष्णवर्णीयांचे जीवन तेथे पद्धतशीर दाखवले जाऊ लागले. १९९४ साली गुलामांच्या लिलावाचा प्रसंगही सादर झाला. त्यावर खुद्द कृष्णवर्णीयांच्या संघटनांत मोठा वाद झाला. अपमान पुन्हा दाखवावा की नाही, हा तो वाद होता. तो वाद होऊ शकला, कारण अपमान झाला होता हे संग्रहालयाने कबूल केले होते. आपल्याकडे अजून कबुलीच नाही.

आपल्या चळवळीनेही या क्षेत्राकडे थोडे अधिक लक्ष द्यावे असे वाटते. नागपूरजवळच्या चिचोलीत आणि पुण्यात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. ते मोलाचे काम आहे. परंतु ज्या लाखो माणसांनी बाबासाहेबांचा शब्द ऐकून मेलेली जनावरे ओढणे सोडले, त्यांच्या घरातल्या वस्तू कोठे आहेत? घुंगराची काठी, वतनाचे कागद, बलुत्याचे धान्य ज्यातून मोजून आणले ती टोपली, हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी, पहिल्या शिकलेल्या मुलाची पाटी, १९५६ नंतर घरातून बाहेर काढलेल्या देवांची रिकामी देवळी. या वस्तू आपल्या वस्त्यांत काही ठिकाणी अजून आहेत. त्या भंगारात जात आहेत आणि त्या वापरलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

वतने गेली त्याला सहा दशकांहून अधिक काळ झाला. ज्याने स्वतः येसकरकी पाहिली तो माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. विद्यार्थ्यांनी त्याच्याकडे जावे, वही घेऊन बसावे, त्याची बोली आहे तशी उतरवावी. शिक्षकांनी सहल कणेरीला अवश्य न्यावी, पण परतीच्या वाटेवर पंढरपुरात थांबून महाद्वारासमोरची चोखोबांची समाधी दाखवावी आणि तेथे मंगळवेढ्याच्या भिंतीची हकीकत सांगावी. कार्यकर्त्यांनी तालुक्यागणिक एक खोली मिळवावी. तिला मठाची सात एकर जागा लागत नाही. समाजमंदिराची एक भिंत पुरते.

त्या खोलीत पुतळे नसावेत. वस्तू असावी, ती कोणी वापरली त्याचे नाव असावे, आणि ती वापरताना तो कोठे उभा होता, हे लिहिलेले असावे. ‘आपलं घर कुठं असंल?’ या प्रश्नाला एवढे उत्तर देण्याची जबाबदारी आता आपली आहे.